लॉक लावलं आणि अक्षरं आली!

पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर, पेजमेकर, इतकं चटकन उघडतं हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं! आयकॉनवर दोनदा क्लिक केलं की कोरं पान समोर हजर. ना लॉगिन, ना पासवर्ड, ना ‘अपडेट करा’ म्हणून आडवी येणारी चौकट, ना इंटरनेट. आवृत्ती ७, साल २००१. ज्यावर ते चालतंय तो लॅपटॉप आयबीएमचा थिंकपॅड टी४२, साल २००४, रॅम ५१२ एमबी. माझ्या खिशातला मोबाइल याच्या कितीतरी पट ताकदीचा आहे, पण मराठी मजकूर पानावर ओळ न् ओळ बसवण्यात एवढी मजा असते हे मला या काळ्या, जाडजूड यंत्राने दाखवलं. सध्या घरात मी दुसऱ्या कशाबद्दल बोलतच नाही.

लॅपटॉप दौंडचा, मी शिरूरची. मला हवी होती जुनी हँडबिलं. आमच्या घोडनदीच्या आणि भीमेच्या पट्ट्यातल्या जत्रांची, बैलगाडा शर्यतींची, कुस्त्यांच्या आखाड्यांची. ती गोळा करायचा मला नाद आहे. दौंडला ओळखीतले एक काका आहेत, त्यांचा पूर्वी छोटा छापखाना होता. न्हावऱ्यावरून भीमा ओलांडून चौफुला, पाटस करत त्यांच्याकडे गेले आणि विचारलं, “काका, जुनी हँडबिलं ठेवलीयत का?” ते म्हणाले, “कागद वाळवीनं खाल्ले गं पोरी. पण मॅटर सगळं ह्याच्यात असंल बघ.” आणि माळ्यावरून एक बॅग काढून दिली. आत लॅपटॉप, चार्जर, सीडी आणि काडेपेटीएवढा एक प्लॅस्टिकचा ठोकळा, एका टोकाला पिनांची आणि दुसऱ्या टोकाला भोकांची रांग असलेला. “हे लॉक. हे हरवलं तर बाकीचं सगळं फुकट.”

तेव्हा मला त्या वाक्याचा अर्थ कळला नाही. आता कळलाय आणि म्हणूनच हा सगळा खटाटोप सांगतेय.

सुरुवात सावधपणे केली. लॅपटॉप चालू करण्याआधी त्याची हार्ड डिस्क बाहेर काढली. जुनी, ४४ पिनांची, आयडीई पद्धतीची. यूएसबीच्या केसमध्ये घालून सगळ्या फायली माझ्या नव्या लॅपटॉपवर उतरवून घेतल्या. फोल्डरांची नावं वाचूनच मी वेडी झाले: लग्न, जत्रा, दशक्रिया, शाळा, सोसायटी अहवाल, इलेक्शन! लिब्रेऑफिसच्या ‘ड्रॉ’मध्ये पेजमेकरच्या फायली बऱ्यापैकी उघडतात, म्हणून एक उघडली. चौकटी जागच्या जागी, किनारीची वेलबुट्टी जागच्या जागी, आणि मजकुराच्या जागी नुसती रोमन अक्षरं, त्यांच्या डोक्यावर टिंबं, टोप्या, मध्येच पौंडाची खूण. एक शब्द लागेना.

फाइल शाबूत होती. युनिकोड येण्याआधी, आणि छापखान्यांत तर ते आल्यावरही कितीतरी वर्षं, मराठी अशीच साठवली जायची. संगणकाला वाटायचं आपण इंग्रजी अक्षरं ठेवतोय. फॉन्टमध्ये त्या इंग्रजी अक्षरांच्या घरांत काना, मात्रा, अर्धा त, रफार असे तुकडे बसवलेले असायचे. घरं सगळी मिळून २५६, त्यात देवनागरीचा संसार. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे फॉन्ट गेला की भाषा गेली. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, आणि ती भारताच्या स्वतःच्या ‘इस्की’ प्रमाणकावर बेतलेली होती. पण पेजमेकरला युनिकोड शेवटपर्यंत आलं नाही, आणि छापखान्यांचं तर पेजमेकरवाचून पान हलत नव्हतं.

आणि असे फॉन्ट देणारं मराठीचं सॉफ्टवेअर कुठलं? आपल्या पुण्याचंच! सी-डॅक पुण्यात १९८८ साली सुरू झालं. आयआयटी कानपूरला जन्मलेलं, भारतीय लिप्यांसाठीचं ‘जिस्ट’ तंत्र तिथे आलं, त्यातून पुढे आयएसएम हे सॉफ्टवेअर आणि ‘डीव्ही-टीटी सुरेख’, ‘डीव्ही-टीटी योगेश’ असे फॉन्ट गावोगावच्या डीटीपी सेंटरमध्ये पोचले. आणि मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, तीही पुण्याचीच. काकांकडे होती ती हीच. तिच्यातल्या ‘श्री-देव-०७१४’ या फॉन्टचं नाव कुठल्याही जुन्या डीटीपी ऑपरेटरसमोर घ्या, चेहरा खुलतो! त्याच क्रमांकाचा ‘श्री देवनागरी ७१४’ आज अ‍ॅपलच्या मॅकवर आयता मिळतो. हे कळलं तेव्हा मी काकांना मुद्दाम फोन करून सांगितलं.

पण श्रीलिपी चालायला लॉक हवं. लॉक बसतं प्रिंटरच्या जुन्या, २५ भोकांच्या पॅरलल पोर्टमध्ये. तो पोर्ट नव्या लॅपटॉपला नसतो, आणि प्रिंटरसाठी मिळणाऱ्या यूएसबी जोडणीला हे लॉक जुमानत नाही. टी४२ च्या पाठीमागे मात्र तो पोर्ट आहे. म्हणजे हा लॅपटॉप जिवंत करण्यावाचून गत्यंतरच नव्हतं.

मग पुण्याला बुधवार पेठेत, तपकीर गल्ली! मूळ हार्ड डिस्क म्हातारी झालेली, खरखर वाजायची, म्हणून ४४ पिनांच्या जोडणीवर बसणारं छोटं एमसॅटा कार्ड घेतलं आणि जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल त्यावर उतरवली. आतला नाण्याएवढा २०३२ सेल बदलला, कारण तारीख दर वेळी मागे जायची. पंखा साफ केला, प्रोसेसरवर नवी पेस्ट लावली. चार्जर १६ व्होल्टचा लागतो, हल्लीचा १९ किंवा २० व्होल्टचा लावायचा नाही. सुदैवाने बॅगेतलाच ठणठणीत निघाला. वाय-फाय मी कायमचं बंद ठेवलंय. विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ ला थांबली, त्यामुळे हे यंत्र इंटरनेटवर न्यायचं नाही. फायली पेनड्राइव्हने ने-आण करते, तेवढं पुरतं.

दौंडला काकांसमोरच लावून बघितलं. “आधी लॉक लाव, मग बटण दाब,” ते दोनदा म्हणाले. एक्सपीची हिरवी टेकडी आली, श्रीलिपी सुरू झाली, पेजमेकर उघडलं, जत्रेची फाइल घेतली.

अक्षरं आली! ‘कुस्त्यांचा जंगी आखाडा’ दुहेरी रेघेच्या जाड अक्षरात, खाली ‘लोकनाट्य तमाशा’, त्याखाली ‘भव्य बैलगाडा शर्यती’ आणि बक्षिसांची यादी. बैलगाडा शर्यतींवर मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, ती डिसेंबर २०२१ मध्ये उठली. मधली वर्षं शर्यतींचे घाट सुने होते. हे हँडबिल त्या बंदीच्या आधीचं. काकांनी चष्मा पुसला, पडद्याजवळ वाकले आणि पहिलं काय केलं असेल? शुद्धलेखनाची चूक काढली! “वेलांटी चुकली बघ. तवा घाई असायची. रात्री ट्रेसिंग काढायचं, सकाळी प्लेट, दुपारी छापून गठ्ठे एसटीत.”

मग आम्ही फायलीमागून फायली उघडत बसलो. लग्नपत्रिका, त्यात किलबिलवाल्या पोरांची नावं. ती पोरं आता नोकऱ्यांना लागली असतील. शाळेच्या स्नेहसंमेलनाचा अंक. ग्रामपंचायतीचे उमेदवार, निशाणी कपबशी. दशक्रियेच्या पत्रिका, त्यात सगळ्या भावकीची उतरंड. या भागाचा इतिहास कुणी लिहायला घेतलाच तर त्याला यापेक्षा चांगलं साधन कुठे मिळणार? कुठल्या गावात कोण सोयरे, कुठल्या जत्रेत कुठला फड, कुणाच्या सोसायटीला नफा किती, सगळं तारीखवार!

त्या दिवशी परतताना केडगावला थांबले. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलंच, दौंड तालुक्यातलं. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मूळ भाषांतून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, आणि ते मिशनच्याच छापखान्यात मुलींनी, बायांनी खिळे जुळवून छापलं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या, पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. एवढं मोठं काम, एकेक खिळा हाताने उचलून, माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर! हे आधीही वाचलं होतं, पण अंगावर काटा आला तो आता. कारण श्रीलिपीच्या फायलीत मजकूर खिळ्यांसारखाच ठेवलेला असतो. ‘किती’ लिहायचं तर आधी वेलांटी, मग क. रफार अक्षराच्या नंतर. जसं डोळ्याला दिसतं तसं, डावीकडून उजवीकडे तुकडा लावत जायचं. युनिकोडमध्ये उलट, आधी क आणि मग वेलांटी, जसा उच्चार तसा क्रम. केडगावच्या त्या बायांची सवय पुण्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये उतरली आणि दौंडच्या काकांच्या बोटांत गेली, असं मला मनापासून वाटतं.

आता रोज रात्री मी यावर टाइप करते. थिंकपॅडचे कळफलक का नावाजलेले आहेत ते बोटांना कळतं, कळ खोल जाते आणि ठामपणे वर येते. मधलं लाल टिंब बोटाने ढकललं की बाण फिरतो, हात उचलावा लागत नाही. दिव्याखाली बसायलाही नको, पडद्याच्या वरच्या कडेला कळांवर उजेड पाडणारा इवलासा दिवा आहे! यंदा आमच्या गल्लीच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण मी यावरच सजवलं, ०७१४ मध्ये. बायकांनी विचारलं, कुठल्या छापखान्यातून आणलं?

आणि मुख्य काम चालू आहे. श्रीलिपीत मजकूर डोळ्यांनी वाचायचा, युनिकोडमध्ये रूपांतर करणाऱ्या साधनातून तो काढायचा, आणि दोन्ही समोरासमोर ठेवून ताडायचा. जोडाक्षरं आणि रफार हमखास घसरतात, तिथे मूळ पान दिसत असेल तरच दुरुस्ती करता येते. म्हणून हा लॅपटॉप चालू हवा.

आमच्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ ते १९८३ तिथे उत्खनन करून तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी काय खात, कशा घरांत राहत, ते शोधून काढलं. आणि वीस वर्षांपूर्वीची आपली मराठी आपल्यालाच वाचता येऊ नये? हे मला सहन होत नाही.

तेव्हा कळकळीने सांगते. तुमच्या गावात बंद पडलेलं डीटीपी सेंटर असेल, छापखाना असेल, तर या आठवड्यात तिथे जा. पी६५ आणि पीएमडी या शेपटाच्या फायली शोधा, त्यांच्याबरोबर त्या संगणकातलं फॉन्टचं फोल्डरही उतरवून घ्या, नुसत्या फायली नेऊ नका. पॅरलल पोर्टवालं यंत्र भंगारात देऊ नका. आणि त्याच्या पाठीमागे एखादा ठोकळा खोचलेला दिसला, तर तो आधी काढून डबीत ठेवा आणि डबीवर कुठल्या सॉफ्टवेअरचं लॉक ते लिहून ठेवा.