छाटलं की फुटतं!

कुंपण वाढतं! ते खतपाणी मागतं, फुलतं, पाखरांना आसरा देतं आणि शेंडा खुडला की दुप्पट जोमानं फुटतं. माझं अर्धं आयुष्य शेतात गेलं, पण हे मला आत्ता कुठं कळलंय, आणि तेव्हापासून कुणाला सांगू नि किती सांगू असं झालंय.

आमचं घर नारायणगडाच्या पायथ्याशी, गडावर जाणाऱ्या रस्त्याला लागून. नगद नारायण महाराजांचं हे ठिकाण बीडकरांची धाकटी पंढरी. आषाढीला दिंड्यांनी रस्ता फुलून जातो आणि ही ये-जा आम्हाला हवीहवीशीच वाटते. पण अंगणात न्हाणी आहे, धुणं आहे, वाळवण आहे. बायामाणसांना आडोसा हवाच. तो आडोसा म्हणजे आजवर पऱ्हाट्या-तुराट्यांचा कूड आणि बाहेरून बोराटीची कुपाटी. कापूस उपटला की नवा कूड उभा करायचा, कारण जुन्याला खालून वाळवी लागलेली आणि वरून वाऱ्यानं तो विस्कटलेला. दरसाल हाताला काटे, दरसाल तेच काम. वाळलेल्या लाकडाचं कुंपण उभं केलं त्या दिवसापासून झिजायला लागतं, दुसरं काय होणार!

मग ऐन मे महिन्यात बीडजवळच्या एका रोपवाटिकेच्या कडेला मी कोयनेल पाहिली. मे महिना, बीड जिल्हा! बालाघाटाच्या डोंगरावर तेव्हा काय असतं ते आपल्याला माहीत आहे. ज्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते आमचं लाडकं सीताफळही तेव्हा पानं टाकून खराट्यासारखं उभं असतं. आणि इथं मात्र माणसाच्या उंचीची हिरवी भिंत, पलीकडचं काही दिसू नये इतकी दाट, पानं चकचकीत, मधूनमधून पांढरी फुलं आणि त्यांतून लांब बाहेर आलेले जांभळट केसर. समोरून शेळ्यांचा कळप गेला. एकीनंही तोंड लावलं नाही! पान कडू असतं, म्हणून हिला कडू मेंदीही म्हणतात. हाताला लावायच्या खऱ्या मेंदीचंही कुंपण होतं, पण पाण्याची ओढ बसली की ती पानं गाळते. कोयनेल तग धरते. आडोसा बारमाही हवा असेल तर हा फरक फार मोठा आहे.

आणि लावायची किती सोपी! पावसाळा लागला की पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फाट्या घ्यायच्या, वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांच्या. खालची पानं काढायची, दोन डोळे मातीत, बाकीचे वर. आमच्याकडे वीतभर मातीखाली मुरूम लागतो, म्हणून आधी दीड फूट रुंद आणि तेवढाच खोल चर खणला, त्यात तलावातला गाळ आणि कुजलेलं शेणखत भरलं. फाट्या फूटफूट अंतरावर, दोन ओळींत, पुढच्या ओळीतल्या दोन फाट्यांच्या मध्ये मागच्या ओळीतली एक. बुडाशी सोयाबीनची गुळी अंथरली म्हणजे ओल टिकते. उन्हाळ्यात रोज शिंतोडे मारण्यापेक्षा आठवड्यातून एकदा ठिबकनं खोल पाणी द्यावं, मुळं पाण्यामागं खाली जातात. सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्याही आत असलेल्या जिल्ह्यात ही गोष्ट सोन्याच्या मोलाची आहे.

पण खरी कमाल छाटणीत आहे! फुटवे जेमतेम गुडघ्याला आले तेव्हा मी सिकेटर घेऊन शेंडे मारायला बसलो. हात उचलत नव्हता. शेजारचे आबा बांधावरून म्हणाले, "शेंडा मारायलास व्हय? मार, मार. लई फुटंल आता." आणि फुटलं! शेंडा वाढत असतो तोवर तो खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. त्याच्यात तयार होणारं द्रव्य खोडातून खाली उतरतं आणि बाजूचे डोळे झोपून राहतात. शेंडा गेला की ते जागे होतात, एका फांदीच्या दोन-तीन होतात. म्हणजे दाट कुंपण हवं असेल तर उंचीची घाई करायचीच नाही, आधी बुडापासून भरू द्यायचं. आणि छाटताना खालची बाजू रुंद, वरची अरुंद ठेवायची. वर रुंद झालं की खाली ऊन पोचत नाही, खालच्या फांद्या उघड्या पडतात आणि नेमकं तिथूनच कुत्रं आत येतं.

बाहेरच्या अंगाला मी करवंद लावलंय, दोन-दोन फुटांवर. तेही सदाहरित, शिवाय जोडीनं येणारे टणक काटे. करवंदाचं बी फार दिवस टिकत नाही, पिकलेल्या फळातून काढलं की ताजंच पेरायचं. वाढ सावकाश आहे, पण पाच-सात वर्षांनी रानडुकराला तिथून वाट मिळायची नाही.

ह्याच करवंदाच्या नादानं वाचत गेलो आणि थक्क झालो. इंग्रजांनी मिठावरचा कर चुकवला जाऊ नये म्हणून हिंदुस्थानात मैलोन् मैल कुंपण उभं केलं होतं, पंजाबापासून थेट खानदेशाच्या उंबऱ्यावरच्या बऱ्हाणपुरापर्यंत! सुरुवातीला ते वाळक्या काट्यांचंच होतं, आमच्या कुपाटीसारखं. वाळवी, वणवे, वादळं, आणि दरसाल काट्यांचे ढीग नव्यानं वाहून आणायचे. पुढं काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ह्यूम १८६७ पासून त्या जकातीचे आयुक्त होते. त्यांनी जिवंत कुंपणाचा ध्यास घेतला: बाभूळ, बोर, करवंद, रुक्ष जागी निवडुंग. चांगल्या जागी ते बारा-बारा फूट उंच झालं. हेतू क्रूर होता, गरिबाच्या ताटातलं मीठ महाग करणारा, आणि १८७९ साली ती जकातरेषा मोडली हे उत्तमच झालं. पण वाळक्या काट्यांनी एवढ्या मोठ्या सरकारला दमवलं आणि उपाय म्हणून त्यांनी करवंद लावलं, हे वाचून मी उठून थेट माझ्या रोपांपाशी गेलो!

आज कोयनेल माझ्या छातीला लागते. न्हाणीपुरता जुना कूड अजून ठेवलाय, पण अंगणात बसलेलं माणूस रस्त्यावरून दिसत नाही. आई दुपारी केस मोकळे सोडून निवांत बसते, पदर सावरायची घाई नाही. डोंगरावरून येणारा वारा कुंपणातून गाळून येतो. भिंतीवर वारा आपटून पलीकडे भोवरा करतो. हिरवं कुंपण त्यातला थोडा जाऊ देतं आणि उरलेल्याचा जोर मोडतं. चांगल्या दाट कुंपणाचा हा आसरा त्याच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत पोचतो. अंगणातली मेथी-कोथिंबीर आता पूर्वीसारखी करपत नाही. शिंप्यानं आत घरटं केलंय, म्हणून तेवढा भाग मी छाटायचा ठेवलाय.

ह्या पावसाळ्यात छाटणीचे भारे निघतील. गडाच्या वाटेवरच्या ज्याला हव्या त्यानं फाट्या खुशाल न्याव्यात. फक्त त्याच दिवशी लावाव्यात, सुकू देऊ नयेत, आणि डोळे वरच्या दिशेला आहेत हे बघून घ्यावं.