दोन काडतुसे

आमच्या घराण्यात वारशाने आलेल्या वस्तू फारशा नाहीत. ग्वाल्हेर संस्थानच्या चाकरीत आजोबांनी जे मिळविले, ते त्यांच्या हातमोकळ्या स्वभावामुळे त्यांच्या हयातीतच संपले. लष्करमधला वाडा गेला, चांदीची भांडी गेली. मागे उरली ती एक विंचेस्टर रायफल. आजोबांनी ती १९११ साली कलकत्त्याहून मागविली होती. तिची अष्टकोनी नळी आता काळी न राहता पिकल्या जांभळासारखी झाली आहे, आणि अक्रोडाच्या दस्त्यावर तीन पिढ्यांच्या गालांनी एक गुळगुळीत जागा करून ठेवली आहे. मी ऐंशी ओलांडली आहे. तरीही दिवाळीच्या आधी एक दुपार तिला तेलपाणी करण्यात जाते, आणि त्या दुपारी मी मोठा सुखी असतो.

ही घडण १८९४ सालची, जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराच्या कल्पनेतून उतरलेली. चापाभोवती लोखंडाची एक तरफ असते. ती खाली ढकलून पुन्हा वर ओढली, की झडलेले काडतूस वरून उडून जाते, घोडा चढतो आणि नवे काडतूस नळीत जाऊन बसते. नळीखाली दुसरी एक नळी असते. तीत सात-आठ काडतुसे एकामागे एक ओळीने पडलेली असतात. मागच्याचे टोक पुढच्याच्या बुडाला टेकते, आणि दारू पेटविणारी टिकली नेमकी तेथेच असते. म्हणून या रायफलीच्या गोळ्या बोथट टोकाच्या असतात. "ओळीत राहायचे तर टोक बोथट करून घ्यावे लागते," असे आजोबा म्हणत, आणि म्हणताना एकत्र कुटुंबातल्या आम्हां सर्वांकडे पाहत.

१९६४ च्या जानेवारीत ते मला प्रथम शिकारीस घेऊन गेले. मी एकोणीस वर्षांचा, ते अठ्ठ्याहत्तरांचे. वनखात्याचा परवाना घेऊन आम्ही श्योपूरकडे कुनो नदीच्या रानात उतरलो होतो. पहाटेच्या थंडीत खैराच्या झाडाखाली बसल्यावर त्यांनी रायफलीत मोजून दोन काडतुसे भरली. मी विचारले, "दोनच?" ते म्हणाले, "पहिले जनावरासाठी. दुसरे तुझ्या चुकीसाठी. तिसऱ्याची गरज ज्याला पडते, त्याने घरी बसावे."

उजाडताना एक चितळ नर पाण्याकडे आला. माशी त्याच्या खांद्यामागे स्थिरावली तेव्हा साऱ्या रानाचा आवाज थांबल्यासारखा वाटला. बार झाला, तो दोन उड्या मारून पडला. मला आनंद झाला. हे मी आज लपवीत नाही. शिकारीच्या आठवणी सांगताना रानाच्या शोभेवर भर देऊन मरणावरून हळूच पुढे सरकण्याची एक रीत पडली आहे. ती मला अप्रामाणिक वाटते. तो आनंद पहाटेचा होता, एकाग्रतेचा होता, आजोबांनी पाठीवर ठेवलेल्या हाताचा होता, आणि त्या पडण्याचाही होता.

१९६७ साली आजोबा गेले. पुढच्याच हिवाळ्यात मी एकट्याने परवाना काढला आणि रायफल पूर्ण भरली. बरोबर आजोबांच्या वेळेपासूनचा सहरिया वाटाड्या होता. त्याने काडतुसे मोजताना पाहिले, पण तो काही बोलला नाही. दुपारी उंच गवतातून कळप उठला. पहिला बार चुकला. तरफ खाली, तरफ वर; दुसरा चुकला. हात आपोआप चालत होता. तिसरा, चौथा. त्या घडणीतली सारी चपळाई माझ्या मनगटात उतरली होती आणि डोके मात्र मागे राहिले होते. कळप गेला. गवतावर रक्त होते.

माग काढीत आम्ही अंधार पडेपर्यंत चाललो. नाल्याच्या काठी ती सापडली. मादी होती, परवान्यात मादीला मनाई होती. मागचा पाय मोडलेला, पण डोळे उघडे. मला पाचवे काडतूस वापरावे लागले. परतताना वाटाड्या एवढेच म्हणाला, "बड़े साहब होते तो दो ही भरते."

त्यानंतर मी शिकार सोडली, असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. मी सोडली नाही. आणखी तीन हिवाळे गेलो. मात्र दोनच काडतुसे घेऊन. पुढे या जातीची काडतुसे मला मिळेनाशी झाली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याने होणाऱ्या शिकारीचीही वाट बंद झाली. कायदा आला तेव्हा माझ्यापाशी नेमकी दोन काडतुसे उरली होती. ती अजून आहेत. आता रायफल घराबाहेर पडते ती निवडणुकीच्या वेळी, पोलीस ठाण्यात जमा होण्यासाठी. तेथला शिपाई नोंदवहीत 'पुरानी बंदूक' असे लिहितो, आणि मला तिच्या वतीने किंचित अपमान वाटतो.

नातीला ही रायफल हवी आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे माझ्या हयातीतच परवाना तिच्या नावे होऊ शकतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही कुनोला गेलो होतो. २०२२ साली नामिबियाहून आणलेले चित्ते जेथे सोडले, तेच हे रान. चित्ता काही दिसला नाही. चितळांचा कळप दिसला, आमच्याकडे पाहत चरणारा. नातीने विचारले, "आजोबा, यांच्यावर गोळी झाडण्यात आनंद कसला होता हो?"

मी पहाटेची गोष्ट सांगितली, आणि मग नाल्याकाठची. त्या मादीची गोष्ट मी त्यापूर्वी घरात कोणालाही सांगितली नव्हती. ती बराच वेळ गप्प राहिली. घरी आल्यावर तिने रायफल मागितली, रिकामी असल्याची खात्री करून घेतली आणि तरफ एकदा खाली-वर केली. तो खणखणीत आवाज ऐकून तिच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते मी ओळखले.

परवान्याच्या अर्जावर मी सही केली आहे. काडतुसे रायफलीबरोबर द्यावीत की नाही, हे अजून ठरत नाही.