लाखेच्या तबकडीवरचे नाट्यपद ओळखताना

वसई-विरारकडच्या जुन्या घरांतून माळा आवरताना लाखेच्या तबकड्या अजूनही निघतात. कोकणातल्या दमट हवेने लेबल सुटलेले असते आणि नाटकाचे, गायकाचे नाव त्याबरोबर गेलेले असते. अशा वेळी तबकडीच बोलते. लेबलालगतच्या गुळगुळीत पट्ट्यात ठसवलेला मॅट्रिक्स क्रमांक मूळ ध्वनिमुद्रणाचा असतो; विक्रीचा क्रमांक पुनर्मुद्रणात बदलू शकतो, म्हणून खरा भरवसा मॅट्रिक्सचाच. तबकडी तिरप्या उजेडात धरली की तो दिसतो. ग्रामोफोन कंपनीच्या तबकडीवर त्यापुढे छोटा त्रिकोण असेल, तर ध्वनिमुद्रण विजेचे, म्हणजे १९२५ नंतरचे. त्याआधी गायकाला कर्ण्यात तोंड घालूनच गावे लागे.

गायक-नट केशवराव भोसले १९२१ साली गेले. त्यांच्या नावावर विजेचे ध्वनिमुद्रण कोणी दाखवलेच, तर खुशाल नाकारावे. गायक-नट बालगंधर्वांबाबत मात्र हा निकष एकटा पुरत नाही, कारण त्यांची कारकीर्द दोन्ही काळांत पसरलेली आहे. एकाच बाजूला ध्वनिमुद्रण असलेली किंवा लेखणीधारी देवदूताचा छाप असलेली तबकडी सहसा याच कंपनीच्या नंतरच्या कुत्रा छापाच्या आधीची. ध्वनिमुद्रणाच्या शेवटी गायकाने स्वतःचे नाव पुकारले असेल, तर निम्मे काम झालेच. गायिका गोहरजानने १९०२ साली कलकत्त्यात तसेच केले होते.

वेगही तपासावा. मिनिटाला ७८ फेरे हा पुढे रूढ झालेला आकडा. चुकीच्या वेगाने आवाजाची पट्टी बदलते आणि ओळखीचा गळाही परका वाटतो. तबकडी स्पिरिटने मात्र पुसू नये, लाख त्यात विरघळते.