ड्रॅग लिंकचा नट

आमची गाडी जुनी. आठ वर्षं उलटलेल्या मालवाहू गाडीचं पासिंग दरवर्षी करावं लागतं, म्हणून त्याआधी पुढच्या चाकांचं काम दादाने आणि मी फुरसुंगीत घरामागेच काढलं. चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनला प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला होता. जॅकवर उचललेलं चाक वरखाली धरून हलवलं की टक् असा आवाज यायचा. नवे किंगपिन, बुश, बेअरिंग आणले. बुशना रीमर तेवढा लेथवाल्याकडून मारून घेतला. बाकी सगळं घरीच. किंगपिनचं काम चोख झालं, हे मी आजही म्हणतो.

घोळ झाला तो ड्रॅग लिंकमध्ये. स्टिअरिंग बॉक्सकडून येऊन चाकांना वळवणारा हा दांडा. त्याच्या टोकाला बॉल जॉइंट असतो. जॉइंटचा निमुळता स्टड स्टिअरिंग आर्मच्या तशाच निमुळत्या भोकात रुतून बसतो, आणि खरी पकड तिथेच असते. नट त्याला आत ओढून ठेवतो, नटाच्या खाचेतली स्प्लिट पिन नटाला फिरू देत नाही. सोडवताना तो स्टड हलेना. बाजूने आर्मवर हातोडी मारली तर तो सुटतो. आमच्याकडे घाव बसले थेट स्टडच्या तोंडावर आणि आटे किंचित दबले.

परत जोडताना नट त्या दबलेल्या आट्यांवरच आवळला गेला. पान्याला जोर लागत होता, त्यामुळे बसला असंच वाटलं. पिनेचं भोक मात्र खाचेत अर्धंच दिसत होतं. पिन जाईना, म्हणून दादाने बारीक तार ओवून पीळ दिला.

सासवडहून मटार भरला. दिवे घाट पहाटेच्या अंधारात उतरलो, वडकी, हडपसर मागे टाकून गुलटेकडीला पोचलो. मार्केट यार्डात वळायला स्टिअरिंग डावीकडे घेतलं आणि ते हातात मोकळंच फिरलं. चाकं सरळ. समोर हातगाडी ओढणारा हमाल. ब्रेक दाबला, पुढचं चाक दुभाजकावर चढून गाडी थांबली. वेग चालत्या माणसाएवढाच होता म्हणून कुणाला खरचटलंही नाही. मी खाली उतरलो तेव्हा पाय थरथरत होते. डोळ्यांपुढे घाटाची वळणं येत होती.

ड्रॅग लिंक खाली लोंबत होता. नट गळून गेलेला, तारेचा एक तुकडा स्टडच्या भोकात अडकलेला. ओळखीचे फिटरकाका आले. त्यांनी आर्मच्या भोकात बोट फिरवून मला दाखवलं: स्टड आत हलून हलून भोक लांबट झालं होतं. नुसता नवा जॉइंट घालून भागणार नव्हतं, आर्मही बदलावा लागला. "पिन जात नाही याचा अर्थ नट अजून खाली यायचाय," काका म्हणाले. दादा मान खाली घालून ऐकत होता.

घरी गाडी उघडणाऱ्या सगळ्यांना माझं सांगणं आहे. काम खुशाल करा, आमचंही पुढे सुटलेलं नाही. पण स्टिअरिंगच्या जोडांना पिनेच्या जागी तार घालू नका, जुनी पिन सरळ करून परत वापरू नका, आणि माल भरण्याआधी एखाद्या जाणत्या फिटरला गाडीखाली झोपवून, वर कुणाला तरी स्टिअरिंग फिरवायला लावून, प्रत्येक जोड तपासून घ्या.