जव्हारची पंगत

ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, अशी या शब्दाची व्युत्पत्ति आम्ही शाळेंत वर्षानुवर्षें मुलांस सांगत आलों. त्या अर्थानें पाहतां हॉटेलांत उतरणारा मनुष्य अतिथि नव्हेच. त्याची तिथि महिनाभर आधीं ठरलेली असते, खोली ठरलेली असते, आणि निम्मे पैसेहि आगाऊ पोंचलेले असतात. आमच्या वडिलांच्या पिढीस अन्न विकणें हेंच मुळीं गैर वाटे. हॉटेलाचें नांव काढलें कीं त्यांच्या कपाळावर आठी पडे. आतां सुशिक्षित कुटुंबांनीं वर्षांतून चार दिवस बाहेरगांवीं जाऊन राहणें हें नेमाचें झालें आहे, व त्यांत वावगें असें आम्हांस कांहीं दिसत नाहीं. परंतु विकतच्या आतिथ्यासहि एक धर्म आहे, आणि तो यजमानाइतकाच पाहुण्यासहि लागू आहे. त्याविषयीं येथें चार शब्द लिहावयाचे आहेत.

गेल्या ज्येष्ठांत आमच्या घरचीं लहानथोर नऊ माणसें नाशिकहून जव्हारास गेलों. त्र्यंबकेश्वर मागें टाकून मोखाड्यावरून जाणारा हा रस्ता सुमारें ऐंशी किलोमीटरांचा आहे. त्र्यंबकच्या डोंगरांतून गोदावरी पूर्वेस जाते आणि वैतरणा पश्चिमेस. आपण वैतरणेच्या बाजूनें उतरत जातों. पहिला पाऊस नुकताच होऊन गेला होता. डोंगर हिरवे होऊं लागले होते, आणि उतारावरील लहानशा वावरांत नागली-वरईसाठीं राब भाजल्याच्या काळ्या खुणा अजून दिसत होत्या.

जव्हार हें मुकणे घराण्याचें जुनें संस्थान. १३४३ सालापासून या महादेव कोळी घराण्यानें येथें राज्य केलें, असें परंपरा सांगते. १६६४ सालीं सुरतेच्या स्वारीस जातांना शिवाजीमहाराजांचा मुक्काम जवळच्या शिरपामाळावर झाला, ही आठवणहि गांव अभिमानानें जपतो. १९४८ सालीं संस्थान विलीन होऊन ठाणें जिल्ह्यांत आलें, आणि २०१४ सालीं पालघर जिल्हा झाला तेव्हां जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके त्यांत गेले. जयविलास राजवाडा आणि दाभोशाचा धबधबा प्रवासी लोक पाहतातच; आम्हींहि पाहिला. त्यांचें वर्णन करीत बसत नाहीं.

आम्ही उतरलों तें अतिथिगृह अवघ्या आठ खोल्यांचें होतें. कौलारू छप्पर, पुढें ऐसपैस ओटी, आणि गेरूनें सारवलेल्या भिंतींवर तांदळाच्या पिठानें काढलेलीं वारली चित्रें. एक मध्यमवयीन जोडपें तें चालवितें. नवरा बाजारहाट व हिशेब पाही, आणि स्वयंपाकघर बाईंच्या हातीं. हाताखालीं आसपासच्या पाड्यांवरच्या चार मुली होत्या.

जेवणाची तारीफ करावी तेवढी थोडीच. चुलीवरची नागलीची भाकरी, उडदाचें घट्ट वरण, वरईचा भात, लसणाची चटणी, आणि पहिल्या पावसाबरोबर रानांत उगवणाऱ्या शेवळांची भाजी. शेवळें नुसतीं शिजविलीं तर घशास खाजतात. म्हणून त्यांत काकडाचीं आंबट फळें घालावीं लागतात. ही युक्ति रानच्याच लोकांची. दोन्ही वस्तु एकाच ऋतूंत, एकाच रानांत मिळाव्या, ही सृष्टीची योजना पाहून आमच्या घरच्या बायकांस मोठें नवल वाटलें. शेवटीं नागलीचा लाडू आला, तो मुलांनीं मागून मागून खाल्ला.

पहिल्या रात्रीं आम्हां नवांचींहि पानें एकदमच मांडलीं होतीं. आमच्या थोरल्या वहिनी पंचाहत्तर वर्षांच्या आहेत. विसाव्या वर्षीं त्या आमच्या घरांत आल्या, आणि तेव्हांपासून पुरुषांची व मुलांची पंगत उठल्यावर सुनांनीं बसावें, हा घरचा शिरस्ता त्यांनीं चालविला. येथेंहि त्या सवयीनें पदर खोंचून वाढावयास उभ्या राहिल्या. बाईंनीं हातास धरून त्यांस पाटावर बसविलें. तव्यावरून उतरलेली भाकरी कोणी दुसऱ्यानें आणून त्यांच्या पानांत वाढली, असें गेल्या पंचावन्न वर्षांत किती वेळां झालें असेल? वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. पहिल्या घासास त्या थोड्या थांबल्या मात्र.

मग वाढणाऱ्या मुलीकडे पाहून त्यांनीं विचारलें, "बाळ, तूं जेवलीस का?"

"नाहीं आजी. पाहुणे उठले कीं आम्ही बसतों."

"आणि पाहुणे उठतात केव्हां?"

"दहा वाजतात कधीं कधीं."

मुलगी मोखाड्याकडची होती. तिच्या पाड्यावर उन्हाळ्यांत पाण्याचा टँकर येतो, असें बोलतां बोलतां तिनें सांगितलें. याच मोखाड्याच्या अंगास वैतरणेवर बांधलेलें मध्य वैतरणा धरण २०१४ सालीं मुंबईस अर्पण झालें. मुंबईच्या नळास येथलें पाणी जातें, आणि येथल्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. १९९२-९३ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें शंभराहून अधिक बालकें कुपोषणानें दगावलीं. २०१६ सालीं मोखाड्यांतील बालमृत्यूंनीं महाराष्ट्र पुन्हां अस्वस्थ झाला. ज्या मुलखांत भुकेचा असा इतिहास आहे, तेथें बसून आपण सुग्रास भोजन करावें कीं करूं नये, असा प्रश्न आमच्या पुतण्यानें काढला. आमच्या मतें अवश्य करावें. पाहुणा आला तरच त्या मुलींस गांवांत काम मिळतें, नाहींतर पावसाळा सरतांच वीटभट्टीची वाट धरावी लागते. मात्र जेवतांना वाढणारीकडे पाहावें.

दुसरे दिवशीं वहिनींनीं बाईंस सांगितलें, "आम्ही अर्धा तास उशिरां बसूं. आधीं या पोरींस वाढा." बाई संकोचल्या. ताट वेळेवर न आलें तर पाहुणे तक्रार करितात, हें त्यांचें म्हणणेंहि खोटें नव्हतें. पण वहिनींनीं आपला हेका सोडला नाहीं. साडेसातास मुली जेवल्या, आठास आम्ही. आमच्या घरचीं मुलें तेवढ्या वेळांत कुरकुरलीं. त्यांच्या हातीं चुरमुरे दिले.

यांत नवें कांहीं नाहीं, हें संस्कृताच्या अभ्यासकांस सांगावयास नको. मनूनें गृहस्थास आज्ञा केली आहे ती हीच, कीं अतिथि आणि घरचे चाकरमाणूस जेवल्यावर उरेल तें दांपत्यानें खावें. त्याच प्रकरणांत तो असेंहि सांगतो, कीं नववधू, कुमारिका, आजारी आणि गर्भवती स्त्रिया यांस तर अतिथीच्याहि आधीं, विचार न करितां, जेवूं घालावें. मनूच्या ज्या वचनांवरून वाद होतात तीं सर्वांस पाठ आहेत. हें मात्र विस्मरणांत गेलें. सरकारनें २०१५ सालीं आदिवासी भागांतील गर्भवती व स्तनदा मातांस रोज एक चौरस आहार देण्याची 'अमृत आहार' योजना सुरू केली. हें तेंच जुनें कर्तव्य नव्या रूपानें आलें, असें आम्ही समजतों.

यास्तव आमची वाचकांस एवढीच विनंति आहे. सहलीस जाल तेथें पैसे देतांना वाढणाऱ्याच्या जेवणाची चौकशी करा. ताट अर्धा तास उशिरां आलें तर रागावूं नका. आणि घरीं परतल्यावर पंगतींत पहिलें पान कोणाचें मांडावें, याचाहि एकदां सर्वांनीं मिळून विचार करा. आमच्याकडे तो झाला. रविवारीं आतां सुना व मुली पहिल्या पंगतीस बसतात, आणि वाढण्याचें काम पुरुषांकडे असतें. भाकरी अजून वाटोळी होत नाहीं. वहिनी ती उलटून पाहतात, हंसतात, आणि खातात.