रेणू किती वेळ टिकला पाहिजे?

ज्या घरात इन्सुलिन टोचलं जातं, तिथल्या माणसांना एक वास ओळखीचा असतो. फ्रीजच्या दारातल्या कुपीतला थेंब सांडला की पसरणारा, उग्र, औषधी. तो इन्सुलिनचा नव्हे, मेटाक्रेसॉलचा. जंतू वाढू नयेत म्हणून ते घालतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्याचं दुसरं काम मी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिते: सहा-सहाच्या टोळक्यांनी बसलेले इन्सुलिनचे रेणू कुपीत सुटे होऊ न देणं. आमच्या अभ्यासक्रमाचा निम्मा भाग त्या कुपीत आहे, असं मी मुलांना सांगते. ती हसतात. सत्राच्या शेवटी हसत नाहीत.

इन्सुलिन म्हणजे 51 अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या. ए साखळी 21 ची, बी 30 ची. फ्रेडरिक सँगरने त्यांचा क्रम लावला आणि 1958 साली त्याला नोबेल मिळालं. रेणूचा आकार समजायला आणखी वेळ लागला. डोरोथी हॉजकिनने इन्सुलिनच्या स्फटिकाचं पहिलं क्ष-किरण छायाचित्र 1935 मध्ये घेतलं आणि रचना उलगडली 1969 मध्ये. तेव्हा दिसलं की जस्ताच्या अणूंभोवती सहा रेणू एकमेकांना बिलगून बसतात. स्वादुपिंडात हा साठा असाच असतो आणि रक्तात उतरताच विरळ होऊन क्षणात फुटतो. सुईने कातडीखाली टोचलं तर मात्र तो एकाच जागी दाट साचून राहतो. जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाजातून जसं एकेकानेच वाकून जावं लागतं, तसं केशवाहिनीत शिरायला सहांना आधी सुटं व्हावं लागतं. त्याला वेळ लागतो. ‘इंजेक्शन घेतलंय, आता अर्धा तास थांबा’ या घरोघरच्या वाक्यामागचं रसायनशास्त्र हे एवढंच. आणि अर्ध्या तासाने ताट समोर आलंच नाही, तर साखर खाली जाते.

हा अर्धा तास कमी कसा करायचा? इथून आमचा विषय सुरू होतो.

निसर्गात इन्सुलिनचा एक नातेवाईक आहे, आयजीएफ-1 नावाचा. तो असा टोळकी करून बसत नाही. इन्सुलिनच्या बी साखळीत 28 व्या जागी प्रोलिन आणि 29 व्या जागी लायसिन असतं. या नातेवाइकात तीच जोडी उलट क्रमाने येते. लिली कंपनीच्या संशोधकांनी इन्सुलिनमध्येही ती जोडी उलटी केली. बाकी सगळं जसंच्या तसं. रेणू पटकन सुटे होऊ लागले आणि जेवणाला बसतानाच टोचता येईल असं इन्सुलिन 1996 मध्ये बाजारात आलं, लिस्प्रो. पुढे 2000 च्या सुमारास याच्या नेमकं उलट काम झालं. ए साखळीच्या टोकाचं एक अमिनो आम्ल बदललं, बी साखळीच्या शेपटाला दोन आर्जिनिन जोडली. हे ग्लार्जिन कुपीतल्या आम्लात विरघळलेलं राहतं, शरीरात शिरल्यावर तिथेच साका बनून बसतं आणि दिवसभर थोडं थोडं सुटतं. ते टोचताना काहींना चुरचुरतं आणि दुसऱ्या इन्सुलिनमध्ये मिसळायची मनाई असते, तीही त्या आम्लामुळेच. रेणू मुळातला तोच, तरी एक मिनिटांत कामाला लागतो आणि दुसरा दिवसभर पुरतो.

मी शिकवते तो विषय म्हणजे रेणवीय जैवअभियांत्रिकी. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात किंवा ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात या नावाची स्वतंत्र पदवी आहे. आपल्याकडे तो बायोटेक्नॉलॉजी, बायोकेमिकल इंजिनिअरिंग, बायोइंजिनिअरिंग अशा पाट्यांखाली विखुरलेला सापडतो. त्यामुळे प्रवेशाच्या दिवसांत ‘पोरगी नेमकी काय होणार, मॅडम?’ या प्रश्नाला उत्तर देताना माझी धांदल उडते. डॉक्टर नाही, केमिकल इंजिनिअरही नाही. रेणू घडवणारी, म्हणावं तर पालकांना ते कवितेसारखं वाटतं.

वर्गात दोन जमाती असतात. बारावीला गणित सोडून आलेली आणि जीवशास्त्र सोडून आलेली. सोळाव्या वर्षी मुलांना पीसीएम की पीसीबी असं विचारणाऱ्या आपल्या व्यवस्थेवर माझा राग आहे आणि तो दरवर्षी ताजा होतो. पहिल्या आठवड्यात मी दोघांनाही एकच गणित घालते. ई. कोलाय हा जिवाणू पोषक परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. एका पेशीपासून सुरुवात केली आणि काहीच आड आलं नाही, तर सगळ्या जिवाणूंचं वजन पृथ्वीएवढं व्हायला किती वेळ लागेल? वर्षं, शतकं असे अंदाज येतात. उत्तर दोन दिवसांच्याही आत येतं. मग गणितवाले खूश होतात आणि जीवशास्त्रवाली एखादी मुलगी शांतपणे विचारते, ‘पण मॅम, खाणार काय?’

तिथून पुढचे तीन-चार तास तिचेच. खाणं देता येतं, साखर ओतता येते. अडतं ते ऑक्सिजनपाशी. 37 अंशांच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम 7 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो आणि जिवाणू दाट झाले की तेवढा काही सेकंदांत संपतो. म्हणून जिवाणूंकडून रेणू बनवून घेतात त्या टाकीत हवा सतत बुडबुड्यांनी सोडायची, पंख्याने फोडायची, वर फेस आला तर तो आवरायचा. चंचुपात्रात सुरेख चाललेला रेणू हजारो लिटरच्या टाकीत रुसतो, तेव्हा बहुतेक वेळा दोष रेणूचा नसतो. 2003 मध्ये वोक्हार्टने आणि 2004 मध्ये बायोकॉनने आपल्याकडे मानवी इन्सुलिन बाजारात आणलं. जनुक तर जगाला 1978 पासून माहीत होतं, जेनेनटेक आणि सिटी ऑफ होपच्या मंडळींनी ते जिवाणूत घालून दाखवलं होतं. मधली वर्षं पेटंटमध्ये, पैशात आणि टाकीत गेली.

प्रयोगशाळेबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिच्याबद्दलचं आकर्षण जरा जास्तच आहे. जेलीफिशचं हिरवं चमकणारं प्रथिन जिवाणूत बनवणं हा सगळ्यांचा पहिला प्रयोग. प्लेटवर कॉलनी आल्या, निळ्या दिव्याखाली चमकल्या की फोटो काढले जातात, स्टेटसला लागतात. त्यानंतरचे महिने मात्र ‘बँड आला का?’ आणि ‘प्रायमर कधी येणार?’ या दोन प्रश्नांत जातात. वीज गेली की अख्खा विभाग उणे ऐंशीच्या फ्रीझरकडे धावतो. पण एक गोष्ट मुलं इथेच शिकतात, पुस्तकातून नाही. जिवाणूला प्रथिन भराभर करायला लावलं तर साखळ्या नीट घडी पडायच्या आधीच एकमेकींना चिकटतात आणि पेशीत निरुपयोगी गोळे जमतात. उपाय साधा आहे: तापमान 37 वरून 18 वर आणा, रात्रभर सावकाश चालू द्या. सगळ्यांना घाई असलेल्या वयात हे पटवणं कठीण जातं.

आता संगणक आला. 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा निम्मा वाटा डेव्हिड बेकरना नवी प्रथिनं रचण्यासाठी मिळाला आणि निम्मा डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना प्रथिनांचा आकार ओळखण्यासाठी. हॉजकिनला ज्याला 34 वर्षं लागली, त्या प्रकारचं चित्र माझा विद्यार्थी चहा येईपर्यंत पडद्यावर फिरवून दाखवतो. मला याचा आनंदच आहे. मी फक्त विचारते, ‘हा रक्तात किती वेळ राहील? निम्मा उरायला किती वेळ, म्हणजे याचं अर्धायुष्य किती?’ मग तो चहा पितो. शरीरात रेणूला कापणारी विकरं आहेत, गाळणारं मूत्रपिंड आहे, सुटे करणारे आणि धरून ठेवणारे इतर रेणू आहेत. त्या सगळ्यांचा वेग मोजावा लागतो आणि मोजलेल्याची विकलक समीकरणं मांडावी लागतात. आमच्या पदवीत मला महत्त्वाचं वाटतं ते हेच.

आणि मग एखादं औषध हा हिशेबच उधळून लावतं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरिअल यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या नेक्सकार-19 या उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये भारतात मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच टी-पेशी काढतात, कर्करोगाच्या पेशींवरची सीडी-19 ही खूण ओळखणाऱ्या प्रथिनाचं जनुक त्यांत घालतात आणि पेशी परत देतात. त्या शरीरात जाऊन वाढतात. ‘मॅम, मग याचं अर्धायुष्य काय लिहायचं?’ असं एकाने विचारलं, तेव्हा मी त्याला फळ्यापाशी बोलावलं, कारण प्रश्न अस्सल होता. मात्रा दिल्यावर कमी होण्याऐवजी वाढत जाणाऱ्या औषधाचा आलेख वर्गाने मिळून काढला. तो चढतो, कळस गाठतो, मग महिनोन् महिने रेंगाळत उतरतो.

सध्या वर्गात सगळ्यात जास्त चर्चा सेमाग्लुटाइडची असते, कारण वजनाचा प्रश्न प्रत्येकाच्या नात्यात कुठे तरी आहे. जीएलपी-1 हे आपलं आतड्यातलं संप्रेरक रक्तात दोन-एक मिनिटांत तुटतं. विकर जिथे कापतं तिथलं अमिनो आम्ल बदलायचं, मेदाम्लाची एक लांब साखळी टांगायची, म्हणजे रेणू रक्तातल्या अल्ब्युमिनला धरून फिरतो. अर्धायुष्य आठवडाभराचं होतं. याच युक्तीवर आठवड्यातून एकदा घ्यायचं इन्सुलिनही निघालं, आयकोडेक. युरोपने त्याला मे 2024 मध्ये मान्यता दिली. त्याच महिन्यात अमेरिकेच्या एफडीएच्या सल्लागार समितीने टाइप-1 मधुमेहाच्या रुग्णांसाठी बहुमताने विरोधी कौल दिला. भीती साखर उतरण्याची होती.

यावर वर्ग उभा दुभंगला. सुयांची संख्या वर्षाला 365 वरून 52 वर येते, मग हरकत कसली, असं एका बाजूचं म्हणणं. दुसऱ्या बाजूला एक मुलगी होती, तिची आजी एकादशीला काही खात नाही. रोजचं इन्सुलिन त्या दिवशी डॉक्टरांना विचारून कमी करता येतं; सोमवारी टोचलेलं आठवड्याचं इन्सुलिन गुरुवारी परत कसं घेणार? गणितवाल्यांनी लगेच दाखवून दिलं की अर्धायुष्य आठवड्याचं असेल तर पातळी स्थिरावायलाच चार-पाच आठवडे लागतात, म्हणजे एका दिवसाची चूक एका दिवसात दुरुस्त होणार नाही. जीवशास्त्रवाल्यांनी विचारलं, साखर वाढली तरच अल्ब्युमिनपासून सुटेल असा रेणू का रचत नाही? जगात काही प्रयोगशाळा यावर काम करत आहेत, एवढं सांगून मी तास संपवला.

यंदाच्या पेपरात तो प्रश्न घातला आहे. रुग्ण 70 वर्षांची, टाइप-2, आठवड्यातून एक दिवस उपास. रेणूचं अर्धायुष्य किती तासांचं ठेवाल आणि त्यासाठी साखळीत कुठे काय बदलाल? गुण पंधरा. त्यातले सहा आलेखाला.