आपोआप वाजणारा पियानो

स्वतःच्या हातांचे काम यंत्राकडे सोपविण्याच्या माणसाच्या ध्यासातून संगीतही सुटले नाही. एडविन व्होटी यांनी १८९५ मध्ये अमेरिकेत ‘पियानोला’ सिद्ध केला. छिद्रे पाडलेली कागदी गुंडाळी आत सरकू लागली, की हवेच्या बळावर लाकडी बोटे पियानोच्या पट्ट्या दाबीत. आज त्या कागदाची जागा आकड्यांनी घेतली आहे. १९८३ साली प्रचारात आलेल्या ‘मिडी’ या संकेतपद्धतीच्या फाईलमध्ये नाद नसतोच. कोणता स्वर, केव्हा, किती जोराने वाजवावा आणि केव्हा थांबवावा, एवढ्या आज्ञा मात्र सोळा चॅनलांत वाटून दिलेल्या असतात.

सोलापुरातील आमच्या धर्मग्रामास एका परदेशस्थ कुटुंबाने असा स्वयंवादक डिजिटल पियानो भेट दिला. आमचा पेटीवादक तरुण नोकरीनिमित्त पुण्यास गेलेला. त्यामुळे आता रविवारची चिंता मिटली, असे अनेकांना वाटले. परंतु मागवून घेतलेली भक्तिगीते लावताच विचित्र प्रकार घडू लागला. पट्ट्या खाली-वर होत, वरच्या पट्टीतले सूर ऐकू येत. खर्जाचा मात्र मागमूस नसे. वाद्य बिघडले, असा निकाल देऊन काही मंडळी मोकळी झाली.

अशा वेळी दोष वाद्यात आहे की गीताच्या फाईलीत, हे प्रथम पाहावे. वाद्यात मुळातच साठविलेले एखादे नमुनागीत लावावे. ते पूर्ण वाजले, तर वाद्य निर्दोष समजावे. आमचे नमुनागीत उत्तम वाजले. हे सर्व पाहत उभा असलेला शहराच्या पूर्व भागातील एक वृद्ध विणकर म्हणाला, “फादर, सूत ठीक आहे, पुठ्ठेही ठीक आहेत. पुठ्ठ्याचं भोक भलत्याच हुकाला लागलंय.”

ज्याने आयुष्यभर जॅकार्डवर सोलापुरी चादर विणली, त्याला हे सुचावे यात नवल नाही. फ्रान्समधील लियों येथे १८०४ मध्ये जाकार यांनी छिद्रांच्या पुठ्ठ्यांनी ताण्याचे धागे उचलण्याची युक्ती सिद्ध केली. पियानोलाची गुंडाळी त्याच कुळातली. विणकराचे निदान खरे ठरले. भक्तिगीतांच्या अनेक फाईलींत चार आवाज चार चॅनलांत असतात. आमचा पियानो पहिली दोनच चॅनले पट्ट्यांना देई. उरलेली दोन वाद्यातील कृत्रिम साथीकडे जात, आणि साथीचा आवाज शून्यावर ठेवलेला होता. साथीचा आवाज वाढविला, आणि चारही चॅनले पियानोच्या नादास जोडून दिली. खर्ज परत आला. एक गीत मात्र वाजे, तरी पट्ट्या स्तब्ध राहत. ते मिडी नसून ध्वनिमुद्रण होते. त्यात नाद असतो, आज्ञा नसतात. मग पट्ट्या हलाव्यात कशाने?

पुढे उंचीचा प्रश्न आला. आमच्या स्त्रियांना झेपेल ती पट्टी आणि फाईलीतली पट्टी यांत दोन स्वरांचे अंतर होते. स्वरांतराची सोय वापरून गीत खाली आणले; गतीही कमी केली. पियानो आता निर्दोष वाजू लागला.

आणि लोक गप्प झाले.

यंत्र श्वासासाठी थांबत नाही. कडव्याच्या शेवटी एखादी आजी मागे राहिली, तर वादक तिच्यासाठी क्षणभर रेंगाळतो. फाईल रेंगाळत नाही. दोन रविवारी मागे पडलेले भाविक तिसऱ्या रविवारी केवळ श्रोते झाले. पवित्र संगीतासंबंधी रोमहून ३ सप्टेंबर १९५८ रोजी निघालेल्या सूचनापत्राने स्वयंचलित वाद्यांना उपासनेत मज्जाव केला होता. गीते शिकविण्यासाठी मात्र अशा यंत्रांना मुभा ठेविली होती. सेमिनरीत हा नियम मला केवळ कर्मठ भासे. त्यानंतर व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेत लोकांच्या सक्रिय सहभागावर भर दिला. या दोहोंचे नाते मला या पियानोने समजावून दिले. जे गाणे लोकांनी गावयाचे, ते त्यांच्या वतीने दुसऱ्या कोणी निर्दोष गाऊन भागत नाही.

म्हणून आता शनिवारच्या सरावास पियानो स्वतः वाजतो. ज्या आवाजाचा सराव करावयाचा, त्याचे चॅनल आम्ही मुद्दाम बंद ठेवतो. ती रिकामी जागा गाणाऱ्यांनी भरावयाची असते. रविवारी स्वयंवादन बंद असते. नववीतील एक मुलगी त्याच पट्ट्यांवर सावकाश वाजविते. तिची बोटे मधूनच अडखळतात. तेव्हा लोक आपल्या गळ्याने गीत पुढे नेतात, आणि तिला पुन्हा सूर सापडेपर्यंत ते सांभाळून धरतात.